राब, टोल आणि भाऊजींचं पाणी

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

‘आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सासर शहापूर तालुक्यातलं. मोठे भाऊजी गावी भातशेती करतात, घरचा गणपती तिथेच बसतो. गेल्या गणपतीत जेवणं झाल्यावर विषय टोलवर गेला. भाऊजी म्हणाले, ठाणेकरांचा टोल माफ, आमचा पडघ्याचा चालूच. माझी मुलगी पर्यावरण विषयात बीएस्सी करते. ती म्हणाली, काका, तुम्हाला वीज फुकट मिळते आणि तिचे पैसे आमच्या बिलातून जातात. शिवाय तुम्ही दरवर्षी राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा, जाळता, त्यानेच हवामान बिघडतं. भाऊजी म्हणाले, पाऊस मागेपुढे पूर्वीही व्हायचा. मग कोणी कोणाला मत दिलं इथपर्यंत गेलं. शेवटी ते म्हणाले, “आमचं पाणी पिता आणि आम्हालाच शिकवता.” दुसऱ्या दिवशी आम्ही आरती झाल्या झाल्या निघालो. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर दोन्हीकडून नुसते फॉरवर्ड येतात. माझे मिस्टर काहीच बोलत नाहीत. यंदाही जायचं आहे. मुलीला गप्प बस म्हणू का? की हे विषयच काढायचे नाहीत असं ठरवू?’

ताई, दोन्ही नको. शेतकऱ्याच्या घरात पाणी, वीज आणि पाऊस सोडून दोन दिवस बोलणार तरी कशावर? मुलगी गप्प बसली तर काकांना वाटेल की तिच्या मनात अजून तेच आहे, आणि ते खरंही असेल. बोलायचं, पण त्याआधी एक गोष्ट मान्य करून टाका : भाऊजींचं शेवटचं वाक्य खरं आहे.

ठाणे शहराला पाणी चार ठिकाणांहून येतं. महापालिकेची स्वतःची योजना आहे, ती भातसा नदीवर पिसे इथे पाणी उचलते. बाकी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. भातसा धरण शहापूर तालुक्यात. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं या एकट्या धरणातून जातं. तानसाही शहापूरचंच, १८९२ सालचं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओतून जातो आणि बाया हंडे घेऊन विहिरीभोवती उभ्या राहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथे वर्तमानपत्राचा मथळा नाही, घरातलं बोलणं आहे. त्यामुळे ज्या क्षणी तुमची मुलगी फुकट विजेचं बोलली, त्या क्षणी काकांच्या डोक्यात विजेचं बिल नव्हतं, पाणी होतं. तुम्ही दोन वेगळ्या हिशेबांवर भांडत होतात.

घोडबंदर रोडला राहता म्हणजे उन्हाळ्यात टँकर मागवणं तुमच्या सोसायटीला नवं नसणार. भाऊजींना हे कधी सांगितलं आहे का? दहा हजार लिटरच्या टँकरला सोसायटी किती मोजते, वर्षाला असे किती लागतात, तो आकडा सेक्रेटरींकडून घ्या आणि त्यांना सांगा. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून. शहरात पाण्याचा धबधबा वाहतो असं गावाकडे वाटत असतं. ते तसं नाही हे तुमच्या तोंडून ऐकलं तर बोलण्याची दिशा बदलते.

आता टोल. इथे भाऊजींचं थोडं चुकतं, कारण दोन टोल दोन वेगळ्या सरकारांचे आहेत. मुलुंडचे दोन नाके, ऐरोली, वाशी आणि दहिसर इथला हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला, तो राज्य सरकारचा निर्णय होता. पडघ्याचा नाका मुंबई-नाशिक राष्ट्रीय महामार्गावर आहे. तिथला दर केंद्राच्या शुल्क नियमांप्रमाणे ठरतो. मुंबईच्या वेशीवरचा टोल माफ करणाऱ्या निर्णयाने पडघ्याचा टोल माफ होऊच शकत नव्हता. हे कळलं की ‘तुमचा माफ, आमचा चालू’ यातला डाव साधल्याचा संशय निघून जातो. उरते ती तक्रार मात्र रास्त आहे : तालुक्याच्या गावाहून दवाखान्यासाठी ठाण्याला येणारा माणूस टोल भरतो आणि ठाण्याहून दादरला जाणारा भरत नाही. ही विषमता कागद दाखवून मिटत नाही. ती ऐकून घ्यायची.

पण भाऊजींचे पैसे वाचवता येतात का ते बघा, वादापेक्षा ते जास्त उपयोगी. आधी विचारा, गाडी कोणती आणि नोंदणी कशाची? खासगी कार किंवा जीप असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. घर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी धंद्याची नसेल, तर स्थानिकांचा मासिक पास याहून स्वस्त पडू शकतो. त्याला राहण्याचा पुरावा लागतो. भाजी-भात नेणारा पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेला असेल तर यातला कुठलाच मिळत नाही. मात्र २४ तासांत परत आलं तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट पैसे पडतात, दुप्पट नाही. दोनदा पूर्ण रक्कम कापली गेली असेल तर १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कापल्याचे मेसेज मोबाइलमधून पुसू नयेत.

विजेच्या बाबतीत तुमच्या मुलीने पुस्तकातलं बरोबर सांगितलं, पण चुकीच्या माणसाला. राज्याची मोफत विजेची योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला. घरच्या मीटरला नाही. शहापूरचा बहुतेक भात पावसावर होतो. भाऊजींकडे शेतीपंपाचं कनेक्शनच नसेल तर त्यांना या योजनेतला एक रुपयाही मिळत नाही आणि त्यांच्यावर मात्र ‘फुकट’ हा शिक्का बसला. माणूस याच गोष्टीने दुखावतो. दुसरीकडे, शेतीपंपाचा दर कमी राहावा म्हणून कारखाने, दुकानं आणि जास्त युनिट वापरणारी घरं यांच्याकडून जास्त दर घेतला जातो, हे खरंच आहे. तो दर बरोबर की चूक यावर शहाणी माणसं वेगवेगळं मत ठेवू शकतात.

यासाठी एक सोपं काम करा. तुमचं बिल आणि भाऊजींच्या घरचं बिल, एकाच महिन्याची दोन्ही, शेजारी ठेवा. दोन्हीकडे महावितरणच असेल तर ओळी त्याच दिसतील : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. घरगुती युनिटचा दर दोन्हीकडे सारखा. १०० युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत बराच जास्त. भाऊजींचं बिल बहुधा पहिल्या टप्प्यात थांबत असेल, तुमचं एसीमुळे पुढे जात असेल. मुलीला म्हणावं, काकांना विचार : ‘काका, तुमचं महिन्याला किती युनिट येतं?’ त्या एका प्रश्नात आरोप नाही, आणि उत्तर कागदावर आहे.

जुन्या गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटचा विषयही निघेल. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लावावी लागते, नियम केंद्राचा, दर राज्याने ठेका देऊन ठरवलेला. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. हे शहराला आणि गावाला सारखंच लागतं. सगळ्यांचं एकमत होईल असा एखादा विषयही हवा.

आता राब. इथे मुलीला स्पष्ट सांगायला हवं की तिची चूक झाली.

राब म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, तोडलेला कवळ (झाडांच्या डहाळ्या), गवत-पालापाचोळा यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि ते भाजायचं. त्यामुळे तणाचं बी मरतं आणि राखेतून पालाश मिळतं. रोप स्वच्छ उगवतं. तो धूर छातीला वाईट आहे आणि कवळासाठी झाडं छाटली जातात ही त्याची खरी किंमत आहे. पण हवामान बदलाचं मुख्य कारण जमिनीतून काढलेला कोळसा आणि तेल जाळणं हे आहे. पाला जळून गेलेला कार्बन झाड पुन्हा फुटलं की बऱ्याच अंशी परत घेतं; कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, तो परत जात नाही. भातशेतीचा हवामानाशी दुसरा संबंध आहे, साचलेल्या पाण्यातून निघणाऱ्या मिथेनचा, आणि तो वादात आलाच नाही. राबाला पर्याय आहेत. मीटर-सव्वा मीटर रुंद आणि आठ-दहा सेंटिमीटर उंच गादीवाफा, त्यावर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून निवडलेलं बियाणं : तरंगतं ते पोचट, ते काढायचं, बुडालेलं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. पण गादीवाफ्यावर तण येतं आणि ते काढायला माणसं लागतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मजूर मिळत नाही म्हणून लोक राब भाजतात. ज्याला मजुरी द्यायची आहे त्याच्याशी बोलताना हे माहीत असावं लागतं. ‘काका, वाफ्यावर तण किती येतं? निंदायला किती माणसं लागतात?’ असं विचारलं असतं तर ते तासभर बोलले असते.

‘पाऊस मागेपुढे पूर्वीही व्हायचा’ हेही चूक नाही. मृगाने दगा दिलेली वर्षं प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात तोंडपाठ असतात. फरक असा की एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं की नाही ते कळत नाही, त्यासाठी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या बघतात. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये जवळपास तिप्पट झाल्या, आणि त्याच पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला. मुलीने हे आकडे काकांवर फेकू नयेत. आधी विचारावं की कापणीच्या वेळी भात किती वर्षं भिजलं, दुबार पेरणी कधी कधी करावी लागली. शेतकऱ्याची आठवण नक्षत्रांत असते, हवामान खात्याची मिलिमीटरमध्ये. दोन्ही एकाच पावसाबद्दल बोलतात.

म्हणून आमचं एक ठाम सुचवणं आहे. गणपतीपर्यंत काका आणि पुतणीने पाऊस मोजावा. एकाच मापाचे, तळापासून तोंडापर्यंत सरळ उभ्या भिंतीचे स्टीलचे दोन डबे घ्या, किमान तीस सेंटिमीटर उंच. शहापूरकडे एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो, छोटा डबा भरून वाहतो. खाली निमुळती होत गेलेली बादली किंवा बाटली चालत नाही, आकडा फुगतो. डबा उघड्यावर ठेवा. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. पागोळ्यांखाली तर नाहीच. जमिनीपासून फूटभर वर, खांबाला बांधून, म्हणजे चिखलाचे थेंब उडत नाहीत आणि वाऱ्याने पडत नाही. पडू नये म्हणून आत दगड टाकू नका, पाण्याची पातळी वर येते आणि माप चुकतं. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच, पट्टी बुडवून वाचा. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याच्या खाली चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते, ती आधी कापा. वाचलं की डबा रिकामा करा आणि आकडा वहीत लिहा. कोरडा दिवस असेल तर शून्य लिहा, जागा मोकळी सोडू नका, नाहीतर महिन्याने ‘पाऊस नव्हता’ की ‘बघितलंच नाही’ हे कळत नाही. ठाण्यात उंच इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याने माप कमी येतं, खाली सोसायटीच्या बागेत मोकळी जागा बघा.

ग्रुपवर फॉरवर्डऐवजी रोज दोन आकडे पडू द्या. एका पावसाळ्याच्या वहीने हवामान बदल सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही, हे दोघांनाही आधीच सांगा. भाऊजींना मात्र तिचा वेगळा उपयोग आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं, पण तो आकडा महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पाऊस मोजणाऱ्या केंद्रावरचा असतो आणि केंद्र गावापासून लांब असू शकतं. घरच्या डब्याच्या नोंदीवर नुकसानभरपाई मिळत नाही. पण मंडळात ४० आणि आपल्या शेतात ९० असं वारंवार दिसलं, तर तलाठ्याशी बोलताना तारखेसह सांगता येतं.

पुढचं काम तुमच्या यजमानांचं. सून म्हणून हे सगळं तुम्ही एकटीने ओढायचं नाही. भाऊ भावाला फोन करतो तेव्हा त्याचं वजन वेगळं असतं, आणि त्यांचं गप्प राहणं भाऊजींनी नक्कीच मनात धरलं असणार. फोन आत्ताच, मृगाच्या आधी करावा. पेरणी-आवणीच्या धावपळीत नाही. लांबण लावू नये. ‘दादा, पाण्याचं तू बोललास ते बरोबर होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.’ एवढं पुरे, त्याला ‘पण’ जोडू नये. मुलीने काकांची माफी मागायची ती ‘फुकट’ या शब्दाची आणि राबाच्या आरोपाची. आपल्या अभ्यासाची नाही. ‘काका, राबाचं मी न विचारता बोलले’ असं तिने स्वतः म्हणावं. तुमच्या मागून पुटपुटत नको.

गावी गेल्यावर हे विषय जेवणावळीत काढू नका. चार माणसं ऐकत असली की कोणीच माघार घेत नाही. सकाळी बांधावर दोघंच असताना काढा. ‘तुम्ही लोक’ आणि ‘तुमचा पक्ष’ हे दोन शब्द आले की तिथेच थांबा. टोल रास्त आहे की नाही यावर बोलता येतं. पक्षाचं नाव आलं की प्रत्येकाला आपलं मत राखावंच लागतं आणि टोल बाजूला पडतो. मत कोणाला दिलं हे भावाभावांनी एकमेकांना सांगायलाच हवं असं नाही.

ग्रुपचं थोडक्यात : ज्या मेसेजवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसतं, तो पाठवणाऱ्याचा नसतोच. त्याला उत्तर देऊ नका. पुराचे फोटो तर अनेकदा जुने असतात. एखादं खूपच लागलं तर फोन करा.

आणि पाण्याचा प्रश्न दोघा भावांनी मिळून पुढे न्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. लोक चुकतात ते इथे : ‘आम्हाला पाणी का मिळत नाही’ असं विचारतात. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मागावा लागतो. भाऊजींनी पंचायत समितीकडे मागावं : अमुक वर्षी १ मार्च ते ३० जून या काळात तालुक्यातल्या कोणत्या गावांना आणि पाड्यांना टँकर गेले, त्याची गाववार यादी आणि फेऱ्यांची नोंद. तुमच्या यजमानांनी ठाणे महापालिकेकडे मागावं : त्याच काळात कोणत्या स्रोतातून रोज किती दशलक्ष लिटर पाणी घेतलं. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका, पोच घ्या, तारीख डायरीत लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, ते पुढच्या तीस दिवसांत करायचं असतं. आत्ता अर्ज गेले तर गणपतीच्या आत दोन्ही याद्या घरात असतील. त्या आणि पावसाच्या दोन वह्या बरोबर घेऊन आसनगाव स्टेशनला उतरा.